पुंतोला लिथियम बॅटरी : गुळाचा एक रवा उतरला

गाडीची जुनी बॅटरी काढली आणि थेट मार्केट यार्डात मित्राच्या अडतीवर नेली. गुळाच्या काट्यावर ती १४.६ किलो भरली. नवी लिथियम ४.२. तिच्यासाठी बनवलेलं ब्रॅकेट आणि पितळी पोस्ट (केबल अडकवायचे खुंट) मिळून ०.८. निव्वळ बचत ९.६ किलो. मित्रानं शेजारच्या दहा किलोच्या रव्यावर, म्हणजे गुळाच्या ढेपेवर, थाप मारली. "एवढ्यासाठी एवढे पैसे घातलास? तेरा लिटर पेट्रोल कमी भरायचं की."

हिशेब त्याचा चुकीचा नाही. पेट्रोल लिटरला पाऊण किलोच्या आसपास भरतं. पण पेट्रोलची टाकी मागच्या बाजूला, आणि माझ्या फियाट अबार्थ पुंतोची बॅटरी बॉनेटखाली, आधीच जड असलेल्या नाकात. गाडी आपल्या रांजणगावच्या कारखान्यातली, १.४ लिटरचं टी-जेट टर्बो इंजिन, १४५ पीएस. ताकद भरपूर, पण पन्हाळ्याच्या वळणांवर नाक बाहेर पळायला बघतं. वजन कमी करायचं तर तिथलंच करायचं, हा माझा हट्ट. (सीटं काढायला घरातून परवानगी नाही, हेही खरं.)

कल्पना नवी नाही. पोर्शेनं २०१० मध्ये ९११ जीटी३ला अशीच बॅटरी पर्याय म्हणून दिली होती. १८ एएच (अँपिअर-अवर, म्हणजे विजेचा साठा), सहा किलोच्या आत, आणि थंडीत वापरायला साधी बॅटरीही सोबत. आपल्याकडं थंडीचा प्रश्न नाही. आपला प्रश्न उन्हाचा, त्यावर येतोच.

आधी एएचची गंमत सांगतो, कारण माझे कान तिथंच उपटले गेले. डब्यावर मोठ्या अक्षरात ४५. माझ्या जुन्या बॅटरीवर ५५. म्हटलं, थोडीशीच कमी आहे, चालतंय. घरी आणून तळाचं बारीक अक्षर वाचलं, तर ती 'लेडच्या तुलनेत', म्हणजे साध्या लेड-ॲसिड बॅटरीच्या तुलनेत, ४५ निघाली. म्हणजे स्टार्टर फिरवण्याच्या ताकदीची तुलना, साठ्याची नव्हे. मग हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब जोडून बसलो. साडेचार अँपिअरच्या थोडं वर ओढत होता. तीन तास पस्तीस मिनिटांनी बॅटरीनं स्वतःच पुरवठा तोडला. हाती लागले साडेसोळा एएच. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "सगळे असंच लिहितात." तेव्हा घेणाऱ्यांनो, खऱ्या सेलचे एएच किती, ते लेखी घ्या.

बसवण्याचं काम कोल्हापूरच्या उद्यमनगरात झालं. नव्या बॅटरीला नुसते बोल्टचे टर्मिनल, गाडीच्या केबलला निमुळत्या पोस्टचे क्लॅम्प. म्हणून लेथवर पितळेचे पोस्ट काढून घेतले. प्लसचा पोस्ट मायनसपेक्षा जाड असतो. मी मिस्त्रीमामांना एकच माप सांगितलं आणि एक पोस्ट वाया घालवला. मामा काही बोलले नाहीत, फक्त व्हर्निअर माझ्या हातात दिला. ब्रॅकेट तीन मिलिमीटर ॲल्युमिनियमचं, खाली रबर, वरून पट्टी. "ही खेळण्यातली बॅटरी गाडी उचलंल व्हय?" हा प्रश्न मात्र मामांनी तीनदा विचारला.

उचलली. लेडवर सकाळी पहिल्या सेल्फला व्होल्टेज ९.७ पर्यंत पडायचं, आता ११.४ च्या खाली जात नाही. लिथियमचा आतला रोध कमी, त्यामुळं स्टार्टर असा झटक्यात फिरतो की मामाही हसले.

सेल एलएफपीचे (लिथियम आयर्न फॉस्फेट), चार सेल एकापुढं एक जोडलेले. प्रत्येकाचे ३.२ धरले की १२.८. पूर्ण भरताना प्रत्येकी ३.६५, म्हणजे एकूण १४.६, आणि त्यापुढं जायचं नाही. म्हणून पहिल्या दिवशी अल्टरनेटरचं (चालू गाडीत बॅटरी भरणाऱ्या जनित्राचं) व्होल्टेज मोजलं : थंड इंजिनवर १४.४, तापल्यावर १४.२. तुमच्या गाडीत १४.८ दिसत असेल तर हा नाद सोडा. चालू गाडीत बीएमएसनं (बॅटरीतल्या राखणदार सर्किटनं) जास्त व्होल्टेज बघून बॅटरी तोडली, तर अल्टरनेटरचा झटका ईसीयूवर (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकावर) जातो. सगळ्या बॅटऱ्यांत असा कट-ऑफ असतो असंही नाही, काहींत नुसतं सेल बॅलन्सिंग (सगळे सेल सारखे भरणं) असतं. तेही विचारून घ्या.

आता ऊन. बॅटरीच्या अंगाला थर्मोकपल (तापमान मोजायची तार) चिकटवून एप्रिलमधल्या दुपारी पन्हाळा चढलो. चढताना ५२ अंश. वर वाहनतळात इंजिन बंद केलं आणि झुणका-भाकर येईपर्यंत आकडा ६१ वर. चालताना नव्हे, थांबल्यावर जास्त तापते, कारण वारा थांबतो आणि टर्बोची धग बॉनेटखाली कोंडते. साठच्या वर या सेलना नेऊ नये. मग टर्बोच्या बाजूनं ॲल्युमिनियमचा पडदा लावला, मध्ये बोटभर मोकळी जागा ठेवून. पुढच्या खेपेला ५४. उतरल्यावर पाच मिनिटं बॉनेट उघडं ठेवतो. येणाजाणाऱ्यांना वाटतं गाडी बिघडली.

आणि मग गौरी-गणपती. चार दिवस गावाकडं बसनं गेलो, गाडी दारात. परत आलो तर रिमोट मुका. किल्लीनं दार उघडलं, मीटर लावला : ०.६ व्होल्ट. शेजारचे काका जंपर केबल घेऊन धावले, गॅरेजवाल्यानं फोनवर जुना चार्जर पाठवतो म्हटलं. दोघांनाही हात जोडले. त्या चार्जरचा सल्फेट झाडायचा मोड पंधराच्या वर जातो. आणि केबलनं चालू करून रिकामी लिथियम अल्टरनेटरवर सोडली तर ती अधाशासारखा करंट ओढते, अल्टरनेटर तापतो.

बॅटरी मेली नव्हतीच, बीएमएसनं दार लावून घेतलं होतं. लिथियमच्या चार्जरनं ती जागी झाली, पाच अँपिअरवर साडेतीन तासांत भरली. गुन्हेगार मीच : डॅशकॅमचा पार्किंग मोड, गाडी बंद असतानाही चालू राहणारा. तो २५० मिलिअँपिअर ओढतो, बंद गाडी स्वतः ३०. दिवसाला पावणेसात एएच. साडेसोळाला भागा, अडीच दिवस. जुन्या ५५ च्या बॅटरीनं हेच चार दिवस बिनबोभाट काढले असते. व्होल्टेज बघूनही कळत नाही, लिथियमचा आकडा शेवटपर्यंत १३ च्या आसपास उभा राहतो आणि मग एकदम कोसळतो.

डॅशकॅम आता इग्निशनच्या फ्यूजवर घेतलाय. नुसत्या ३० मिलिअँपिअरवर तीन आठवडे निघतील, तरी आठवड्याच्या वर गाडी उभी राहणार असेल तर मायनसचा क्लॅम्प सोडतो.

वळणात फरक? पन्हाळ्यावर मला जाणवला. मित्राला नाही. त्याच्या हाती स्टीअरिंग दिलं, कोणती बॅटरी आहे ते सांगितलं नाही, तर दोन्ही खेपांना म्हणाला, "मस्त आहे." पुढच्या रविवारी गगनबावडा, तिकडून करूळ घाट उतरून परत. जुनी बॅटरी भरून माळ्यावर ठेवलीय, ती काही विकणार नाही.