होस्ट्स फाइल सेव्ह होत नाही तेव्हा

नोटपॅडमध्ये होस्ट्स फाइल (कुठलं नाव कुठल्या आयपीकडे, म्हणजे आकडी पत्त्याकडे, न्यायचं हे कॉम्प्युटरला सांगणारी यादी) उघडली, शेवटी एक ओळ घातली, कंट्रोल-एस दाबलं आणि सेव्ह होण्याऐवजी 'सेव्ह ॲज'ची खिडकी समोर आली. तिथेही सेव्ह दाबलं की विंडोज सांगतं: या जागी सेव्ह करायची तुम्हाला परवानगी नाही, ॲडमिनिस्ट्रेटरकडून ती घ्या, हवं तर डॉक्युमेंट्समध्ये ठेवू का? आता घरच्या कॉम्प्युटरवर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणजे तुम्हीच. मग परवानगी मागायची कुणाकडे?

यावर सगळ्यात जास्त फिरणारा सल्ला असा: फाइलवर राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, आणि 'यूजर्स'ला फुल कंट्रोल देऊन मोकळे व्हा. हे करू नका. एरर जाते, पण त्या दिवसापासून तुमच्या नावाने चालणारा कुठलाही फुटकळ प्रोग्राम ती फाइल गुपचूप बदलू शकतो. तुमच्या बँकेचं नाव भलत्याच सर्व्हरकडे वळवायला होस्ट्समधली एक ओळ पुरते, म्हणून तर ती राखलेली असते. फाइलच्या परवानग्या बहुतेक वेळा बरोबरच असतात. कमी पडतात ते नोटपॅडचे अधिकार.

ते का, हे एकदा बघून घ्या. व्हिस्टापासून विंडोजमध्ये यूएसी (यूजर अकाउंट कंट्रोल, म्हणजे ॲडमिनचे अधिकार वापरण्याआधी विचारणारी सोय) आहे. ॲडमिन खात्याने लॉगिन केलं की विंडोज दोन टोकन (प्रोग्रामला कुठले अधिकार आहेत हे सांगणारे ओळखपास) बनवतं, एक पूर्ण अधिकारांचं आणि एक छाटलेलं. डेस्कटॉप, स्टार्ट मेनू, एक्सप्लोरर हे सगळं छाटलेल्या टोकनवर चालतं, आणि त्यांच्यातून उघडलेल्या प्रत्येक प्रोग्रामकडे तेच टोकन वारशाने येतं. साधा कमांड प्रॉम्प्ट उघडून 'हूॲमआय /ग्रुप्स' चालवा. (आदेश इथे देवनागरीत लिहिले आहेत, टाइप अर्थातच रोमन अक्षरांत करायचे.) यादीत ॲडमिनिस्ट्रेटर्स गटाच्या ओळीत शेवटी 'ग्रुप यूज्ड फॉर डिनाय ओन्ली' असं दिसेल. म्हणजे तुम्ही त्या गटात आहात, पण ते सभासदत्व फक्त नकार द्यायला वापरलं जाईल, परवानगी द्यायला नाही. तोच आदेश ॲडमिन म्हणून उघडलेल्या प्रॉम्प्टमध्ये चालवा, तिथे हे शब्द गेलेले असतील आणि 'एनेबल्ड ग्रुप' आलेलं असेल.

तेव्हा करायचं एवढंच. स्टार्टमध्ये नोटपॅड टाइप करा, नावावर राइट-क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' घ्या, यूएसीला होय म्हणा. मग त्याच नोटपॅडच्या फाइल मेनूतून 'ओपन' घ्या आणि नावाच्या चौकटीत पूर्ण पत्ता घाला: सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टिम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी, होस्ट्स. फोल्डर एकेक करून उघडत गेलात तर ईटीसी रिकामं दिसेल, कारण ओपनची खिडकी मुळात फक्त टीएक्सटी फाइली दाखवते आणि होस्ट्सला एक्स्टेन्शनच नाही. खालच्या कोपऱ्यात 'ऑल फाइल्स' निवडलं की ती दिसते.

इथे दोन ठिकाणी पाय घसरतो. नोटपॅड ॲडमिन म्हणून उघडून ठेवला आणि होस्ट्सवर एक्सप्लोररमधून डबल-क्लिक केलं, तर फाइल उघडते, पण छाटलेल्या टोकनच्या दुसऱ्याच नोटपॅडमध्ये. आणि फाइल ओढून ॲडमिनवाल्या नोटपॅडवर टाकायला गेलात तर ती तिथे पडतच नाही. कमी अधिकारांच्या खिडकीतून जास्त अधिकारांच्या खिडकीत ओढून टाकणं विंडोज मुद्दाम अडवतं. माउस बिघडलेला नसतो.

एवढं करूनही अडलं, तर संदेश नीट वाचा. 'ॲक्सेस इज डिनाइड', म्हणजे एरर ५, हा अधिकारांचा प्रश्न. लांबलचक कोड आला आणि शेवटी ०००५ असेल तर तोही हाच. 'ही फाइल रीड-ओन्ली आहे, दुसरं नाव द्या' अशा अर्थाचं काही आलं तर टोकनचा संबंध नाही. कुठल्या तरी टूलने फाइलला रीड-ओन्ली खूण लावून ठेवली आहे. ॲडमिन प्रॉम्प्टमधून ईटीसी फोल्डरमध्ये जाऊन 'ॲट्रिब वजा-आर होस्ट्स' चालवा. त्यावर 'नॉट रिसेटिंग हिडन फाइल' किंवा 'सिस्टिम फाइल' असं उत्तर आलं तर त्या खुणाही लागलेल्या आहेत. मग एकाच आदेशात वजा-आर, वजा-एच, वजा-एस तिन्ही द्या.

'दुसरा प्रोग्राम ही फाइल वापरतो आहे' हा एरर ३२. हेक्समध्ये (सोळाच्या पायाच्या अंकपद्धतीत) लिहिलेल्या कोडच्या शेवटी २० दिसलं तरी तो हाच, कारण हेक्समधलं २० म्हणजे आपलं ३२. व्हीपीएन, डॉकर डेस्कटॉप, जाहिराती अडवणारी टूल्स यांचाही या फाइलवर डोळा असतो. नेमकं कोण धरून बसलंय हे रिसोर्स मॉनिटरमध्ये कळतं: सीपीयू टॅब, 'असोसिएटेड हँडल्स', शोधाच्या चौकटीत होस्ट्स.

आणि अँटिव्हायरस. काही अँटिव्हायरस होस्ट्स फाइल स्वतःच्या पहाऱ्यात ठेवतात, तिथे ॲडमिनलाही 'डिनाइड'च मिळतं. ती सेटिंग तेवढ्यापुरती बंद करायची, काम झालं की परत चालू करायची. विंडोज डिफेंडरची तऱ्हा थोडी वेगळी आहे. २०२० पासून मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे काही सर्व्हर अडवणाऱ्या ओळी दिसल्या की तो त्या फाइलला 'होस्ट्सफाइलहायजॅक' असं नाव देतो, आणि तुम्ही साफ करू दिलं तर फाइल मूळ रूपात आणून ठेवतो. कष्टाने जमवलेली यादी एका क्लिकमध्ये जाते. म्हणून हात लावण्याआधी होस्ट्सची एक प्रत दुसरीकडे ठेवा.

सगळ्यात छळणारा प्रकार म्हणजे फाइल सेव्ह होते, एरर येत नाही, आणि परिणामही होत नाही. याची कारणं तीन-चार आहेत.

पहिलं, नोटपॅडने फाइलच्या नावाला गुपचूप टीएक्सटी जोडलं. विंडोज ओळखीची एक्स्टेन्शन लपवत असल्यामुळे ईटीसीमध्ये दोन 'होस्ट्स' दिसतात आणि दोन्ही सारख्याच वाटतात. एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूत 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'वर खूण करा, भानगड लगेच उघडी पडेल. सेव्ह करताना प्रकार 'ऑल फाइल्स' ठेवा किंवा नाव दुहेरी अवतरणचिन्हांत लिहा.

दुसरं कारण जुन्या ३२-बिट एडिटरचं. यूएसीच्या आधी लिहिलेल्या प्रोग्रामना एरर येऊन ते कोसळू नयेत म्हणून विंडोज त्यांचं लिखाण परस्पर वळवतं, तुमच्या यूजर फोल्डरमधल्या ॲपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर या जागी. तोच एडिटर पुन्हा उघडला तर तुमची ओळ त्यात दिसते. सिस्टिम मात्र खरी होस्ट्स वाचत असते, जिच्यात ती ओळ कधी गेलेलीच नाही. व्हर्च्युअलस्टोअरमधली ती प्रत उडवा आणि एडिटर ॲडमिन म्हणून चालवा. ६४-बिट प्रोग्रामांना हे वळण लागत नाही. याच्याशी गल्लत होणारी दुसरी गोष्ट म्हणजे ३२-बिट प्रोग्रामला सिस्टिम३२च्या जागी सिसवाऊ६४ फोल्डर दाखवणं. पण ड्रायव्हर्सखालचं ईटीसी त्यातून वगळलेलं आहे. होस्ट्सच्या बाबतीत तो संशय घेऊ नका, सिस्टिम३२मधल्या इतर फाइलींच्या बाबतीत जरूर घ्या.

तिसरं, ओळच चुकलेली. आधी आयपी, मग एखादी जागा, मग नाव. नावाआधी एचटीटीपी नको, शेवटी पोर्ट नको, ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह नको. सेव्ह करताना एन्कोडिंग (अक्षरं साठवण्याची पद्धत) एएनएसआय किंवा साधं यूटीएफ-८ ठेवा. जुन्या नोटपॅडमधला 'युनिकोड' हा पर्याय म्हणजे यूटीएफ-१६, तो घेतला की फाइल कामातून गेली. मराठीत टाइप करणाऱ्यांची खास चूक म्हणजे कीबोर्ड मराठीवरच राहतो आणि १२७.०.०.१ देवनागरी आकड्यांत उमटतं. डोळ्यांना ते अगदी बरोबर दिसतं. विंडोजला तो आयपी वाटतच नाही.

चौथं, तपासायची पद्धत. बरेच जण 'एनएसलुकअप' चालवून बघतात आणि ओळ लागू झाली नाही म्हणून पुन्हा परवानग्यांच्या मागे लागतात. एनएसलुकअप होस्ट्स फाइल वाचतच नाही, तो थेट डीएनएस सर्व्हरला, म्हणजे नावावरून आयपी सांगणाऱ्या सर्व्हरला, विचारतो. 'पिंग' वापरा. पिंगला उत्तर नाही आलं तरी चालेल, पहिल्या ओळीत चौकटी कंसात कुठला आयपी दिसतो तेवढंच बघायचं. तो जुनाच असेल तर 'आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस' करा. पिंग बरोबर आणि ब्राउझर मात्र चूक असेल तर ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. टॅब बंद करून भागत नाही. चाचणीसाठी नाव घेताना शेवटी डॉट-टेस्ट घ्या, ते त्याच कामासाठी राखून ठेवलेलं आहे. डॉट-डेव्ह घेतलंत तर क्रोम २०१७ अखेरपासून ते सक्तीने एचटीटीपीएसवर नेतं आणि तुम्ही उगाच सर्टिफिकेटशी झगडत बसता.

डेस्कटॉपवर फाइल बदलून ईटीसीमध्ये परत टाकणं हा मार्गही चालतो, यूएसी विचारतं आणि काम होतं. फक्त ती कॉपी करा, कट करून किंवा ओढून हलवू नका. एकाच ड्राइव्हवर हलवलेली फाइल आपल्या जुन्या परवानग्या सोबत घेऊन जाते. कॉपी केलेली मात्र नव्या फोल्डरच्या परवानग्या घेते. डेस्कटॉपवरच्या फाइलीवर तुमच्या साध्या खात्याला पूर्ण हक्क असतो, आणि तो हक्क तसाच ईटीसीमध्ये पोचला तर वर सांगितलेलं भगदाड न विचारता पडतं.

पडलंय का, ते पाहायला ॲडमिन प्रॉम्प्टमध्ये 'आयकॅकल्स होस्ट्स' चालवा (रोमन अक्षरं: आय, सी, ए, सी, एल, एस). निरोगी फाइलीत सिस्टिम आणि ॲडमिनिस्ट्रेटर्ससमोर एफ, म्हणजे फुल, आणि यूजर्ससमोर आरएक्स, म्हणजे वाचणं नि चालवणं, असं दिसतं. प्रत्येकाच्या आधी कंसात आय असतो, त्याचा अर्थ परवानगी फोल्डरकडून वारशाने आली. तुमच्या नावाची ओळ दिसली, किंवा यूजर्ससमोर एफ दिसला, तर 'आयकॅकल्स होस्ट्स /रिसेट'. फाइल पुन्हा फोल्डरच्या परवानग्यांवर येते.

मात्र हा /रिसेट सिस्टिम३२मधल्या इतर फाइलींवर चालवू नका. होस्ट्सवर ॲडमिनला पूर्ण हक्क असतो, पण तिथल्या बहुतेक डीएलएल आणि एक्झी फाइलींचा मालक ट्रस्टेडइन्स्टॉलर (विंडोजचं स्वतःचं खातं) असतो आणि ॲडमिनलाही फक्त वाचता येतं. त्यामुळे 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करूनही एरर ५ येतो. खरंच गरज असेल (बहुधा नसते) तर आधी 'आयकॅकल्स'ला /सेव्ह देऊन परवानग्यांची नोंद एका फाइलीत ठेवा, मग 'टेकओन /एफ'ने मालकी घ्या, मग ॲडमिनिस्ट्रेटर्सला हक्क द्या. काम झाल्यावर /रिस्टोअरने परवानग्या परत येतात, मालकी मात्र येत नाही, कारण त्या नोंदीत मालकाचं नाव नसतं. ती वेगळी द्यावी लागते: /सेटओनर, आणि पुढे अवतरणात 'एनटी सर्व्हिस\ट्रस्टेडइन्स्टॉलर'. नुसतं 'ट्रस्टेडइन्स्टॉलर' लिहिलं तर विंडोजला ते खातं सापडत नाही, आणि बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं.

लिनक्सवाल्यांची रड निराळी. 'सुडो' (आदेश ॲडमिनच्या अधिकारांनी चालवणारा) लावून 'एको' (मजकूर छापणारा आदेश) केलं आणि '>>' चिन्हाने ओळ /ईटीसी/होस्ट्समध्ये ढकलली, तरी 'पर्मिशन डिनाइड' येतं. सुडो फक्त एकोला मिळाला. फाइल उघडायचं काम शेल (तुमचे आदेश वाचून चालवणारा प्रोग्राम) करतं, आणि तुमचं शेल साध्याच अधिकारांत चाललेलं असतं. एकोचं आउटपुट पाइपने 'सुडो टी वजा-ए'कडे द्या. वजा-ए विसरलात तर जुनी फाइल पुसून एकच ओळ उरेल. रूट (लिनक्समधला सर्वाधिकारी यूजर) होऊनही 'ऑपरेशन नॉट पर्मिटेड' आलं तर शब्दांतला फरक ध्यानात घ्या, हा 'पर्मिशन डिनाइड' नाही. तेव्हा 'सीएचमॉड'ने आकडे फिरवत बसू नका, 'एलएसॲटर' चालवून बघा. खुणांमध्ये आय दिसला तर कुणीतरी फाइल अचल करून ठेवली आहे. 'सीएचॲटर वजा-आय'ने ती मोकळी होते, पण आधी ती कुणी आणि कशासाठी बांधली होती ते विचारा. सर्व्हर दुसऱ्या कुणाच्या देखरेखीखाली असेल तर बहुधा त्यानेच बांधलेली असते.