मान उचलून दाखवा

पोळ्यानंतरचा गुरुवार, रात्रपाळी

पहाटे पिकअपमधून एका भाऊला आणलं. चाळिशीतला असेल, रात्री जमिनीवर सतरंजी टाकून झोपलेला. तक्रार एकच, पोट दुखतं. "रातच्याला वांग्याची भाजी जरा जास्तच झाली, ग्यास असन," हे घरच्यांचं निदान. अंगावर चावल्याची खूण सापडेना. सूज नाही, रक्त नाही. डॉक्टर म्हणाले, वर बघा. त्यानं कपाळाला आठ्या घालून पाहिलं, पण पापण्या अर्ध्यावरच राहिल्या. त्या पापण्या झोपेच्या नव्हत्या.

पावसाळा, जमिनीवरची झोप, पहाटेची पोटदुखी आणि जड पापण्या. आमच्या भागात एवढं एकत्र आलं की मण्यार. मण्यारचा दात इतका बारीक की झोपलेल्या माणसाला मुंगी चावल्याइतकंही कळत नाही. काचेच्या नळीत रक्त घेऊन 20 मिनिटं ठेवलं, नीट गोठलं. म्हणजे रक्त गोठू न देणारे घोणस-फुरसं नाही. सापाच्या विषावरच्या लसीच्या 10 व्हायल सुरू केल्या.

मग मी माझं काम सुरू केलं. "भाऊ, एका श्वासात एक, दोन, तीन म्हणत जा. श्वास संपला की थांबा." पहिल्यांदा तो तिशीच्या पुढे गेला. थोड्या वेळानं अठरावर अडकला, मग अकरावर. आवाज नाकातून यायला लागला होता. 'पाच' म्हणायला जावं आणि 'माच' ऐकू यावं. घरच्यांना वाटलं, झोपेत बडबडून रायला. मला मात्र त्या 'माच'नं धडकी भरली. टाळूचा मागचा पडदा वर उचलला जात नाही, ओठ घट्ट मिटत नाहीत. घशाचं हे झालं की पुढचा नंबर छातीचा असतो. नंतर "उशीवरून मान उचला" म्हटलं, तर उचलता येईना.

श्वासासाठी घशातून नळी टाकली, 108 बोलावली. अँबू बॅग दाबत यवतमाळच्या मेडिकलला नेईपर्यंत त्याचे डोळे पूर्ण मिटले होते. टॉर्च मारला तर बाहुलीही हलेना. त्याचा मोठा भाऊ गाडीतच रडायला लागला, "गेला वो सिस्टर, गेला." मी भाऊच्या कानाशी जाऊन जोरात म्हटलं, उजव्या पायाचा अंगठा हलवा. हलला. पुन्हा म्हटलं, पुन्हा हलला. भावाला म्हटलं, काकाजी, तो सगळं ऐकतो आहे, त्याच्यासमोर 'गेला' म्हणू नका.

शुक्रवार

झोप लागली नाही, म्हणून लिहीत बसले.

साधं 'पाच' म्हणायला किती जण लागतात! छातीखालचा पडदा हवा आत ओढतो, त्याची नस मानेतून निघते. स्वरयंत्राचे पडदे ताणणाऱ्या नसा म्हणजे मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांपैकी दहाव्या नसेच्या फांद्या. त्यातली डावीकडची मोठी फांदी सरळ गळ्यात जायचं सोडून छातीत उतरते, महाधमनीला वळसा घालते आणि पुन्हा वर येते. कोणाला सांगितलं तर खोटं वाटेल, पण ती तशीच असते. 'प'साठी ओठ मिटवते ती सातवी नस. 'च'साठी जीभ टाळूला लावते ती बारावी. हे सगळं कोणत्या क्रमानं करायचं, ते मेंदूच्या डाव्या बाजूला पुढच्या भागात ठरतं. तिथली जागा बिघडली की बोलणं जातं, हे पॉल ब्रोकांनी 1861 मध्ये दाखवून दिलं. अर्धांगवायूचा पेशंट अडखळतो तेव्हा बऱ्याचदा तिथलाच किंवा तिथून खाली येणाऱ्या वाटेवरचा रक्तपुरवठा तुटलेला असतो.

कालच्या भाऊचं यातलं काहीच बिघडलं नव्हतं. मेंदू ठीक, नसाही ठीक. त्या नसेतून हुकूम अगदी शेवटच्या टोकापर्यंत पोचत होता. बिघाड होता नस आणि स्नायू यांच्यामधल्या फटीत. ती फट साधारण 50 नॅनोमीटरची. एका मिलिमीटरचे 20 हजार भाग केले तर त्यातला एक! एवढ्या जागेत वीज उडी मारत नाही, तिथे रसायन सांडावं लागतं, अ‍ॅसिटिलकोलिन. नसेतून असं काही पाझरतं हे ऑटो लोवींनी 1921 मध्ये बेडकाच्या हृदयावर सिद्ध केलं.

मण्यारचं विष या फटीच्या नसेकडच्या काठावर हल्ला करतं आणि टोकच उद्ध्वस्त करतं. मग सांडायला काही उरत नाही. नागाचं विष मुख्यतः स्नायूकडच्या काठावर बसतं, रसायन येतं पण घेणारी जागा अडवलेली. म्हणून सांडलेलं रसायन टिकवून धरणारं निओस्टिग्मिनचं इंजेक्शन नागाच्या पेशंटला चांगलं लागू पडतं आणि मण्यारच्या पेशंटला बहुतेक वेळा नाही. लस रक्तातलं मोकळं विष पकडते, तुटलेलं टोक जोडत नाही. ते शरीरानं नव्यानं वाढवायचं, आणि तोवर दिवसच्या दिवस श्वास मशीननं द्यायचा. "लस देऊनही फरक नाही" म्हणून पेशंटला घरी नेणारे नातेवाईक असतात. मला त्यांचा राग येत नाही, भीती वाटते.

पुढचा बुधवार

आज अगदी उलटी केस. कपाशीवर फवारणी करून आलेला पोरगा, विशीतला. घामानं निथळलेला, तोंडातून लाळ, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. दंडावरचं मांस कातडीखाली फडफडत होतं.

त्याच फटीत आपलं शरीर एक विकरही ठेवतं. सांडलेलं अ‍ॅसिटिलकोलिन ते लगेच तोडून टाकतं, म्हणून स्नायू आखडून पुन्हा सैल होऊ शकतो. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉससारखी फवारणीची औषधं या विकरालाच बांधून टाकतात. मग स्नायूची गत स्टार्टरचं बटण आत अडकून बसलेल्या मोटारपंपासारखी. आधी नुसता फडफडतो आणि शेवटी थकून बंद पडतो. मण्यारनं हुकूम पोचू दिला नाही, इथे हुकूम थांबेना. दोघांचीही मान मात्र सारखीच पडते.

2017 च्या हंगामात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर शेतकरी आणि शेतमजूर गेले. तेव्हापासून अ‍ॅट्रोपिनचं नाव गावोगाव माहीत आहे. पण ते अर्धंच माहीत आहे. अ‍ॅट्रोपिननं लाळ आटते, छाती मोकळी होते, नाडी वाढते. हातापायांच्या आणि छातीच्या स्नायूंच्या फटीत त्याचं काही चालत नाही. त्यासाठी पॅम (प्रॅलिडॉक्सिम, विकराला विषापासून सोडवणारं औषध) देतात, तेही विष विकराला कायमचं चिकटण्याआधी गेलं तर.

शुक्रवार

पोरगा उठून बसला, चहा मागितला. झालं, आई सुट्टीसाठी मागे लागली. "आता बोलून रायला ना थो! घरी महालक्ष्म्या हायेत, सुट्टी द्या नं माय."

बोलतो आहे, खरंच. आवाज स्वच्छ. पण या विषाची एक खोड आहे. पहिला झटका ओसरल्यावर, एक ते चार दिवसांच्या दरम्यान, मानेचे आणि खांद्याचे स्नायू अचानक ढिले पडतात आणि मागोमाग श्वासाचे. श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी 1987 मध्ये हे नीट मांडलं. चहा पिणारा, हसणारा पेशंट रात्रीतून मशीनवर जाऊ शकतो, आणि घरी मशीन नसतं. पहिली खूण म्हणजे तीच, उशीवरून मान उचलता न येणं.

आईला म्हटलं, मावशी, महालक्ष्म्या तुमच्याकडे दरवर्षी येतात. ती माझ्याकडे अशी पाहत राहिली की मी पुढे काही बोललेच नाही. पोरगाही वैतागला होता. "सिस्टर, किती खेपा मान उचलू?" म्हणत उचलली, आणि मी वीस मोजेपर्यंत वरच धरली. एका श्वासात चाळीसच्या पुढे गेला.

यवतमाळहून मण्यारवाल्या भाऊची खबर विचारली. अजून मशीनवरच, पण भुवया उचलतो आणि पापण्या थोड्या उघडतात.

मावशी शेवटी एकटीच घरी गेली, आंबील करायची म्हणून. पोराचा मामा थांबलाय. दर तासाला मान उचलायला लावायची आणि एका श्वासात आकडे म्हणवून घ्यायचे, आवाज नाकातून आला तर ताबडतोब हाक मारायची, असं त्याला कागदावर लिहून दिलंय. त्याला वाचता येतं, हे आधी विचारून घेतलं.