फायरवॉल नव्हतीच

दुपारी तीनच्या सुमारास पेनटेस्टिंगच्या, म्हणजे परवानगी घेऊन यंत्रांतल्या त्रुटी शोधण्याच्या, वर्गात बेंचवरच्या मुलानं स्कॅनची फाइल पुढे केली. "मॅडम, टार्गेटवर फायरवॉल आहे. तीन पोर्ट उघडी आहेत, पण काही हजार पोर्ट फिल्टर्ड दाखवतंय." शेजारच्या बेंचवरच्या मुलीनं त्याच टार्गेटवर स्कॅन चालवला होता. तिच्या फाइलमध्ये पाच पोर्ट उघडी होती, बाकीची सगळी बंद आणि फिल्टर्ड एकही नाही. पोर्ट म्हणजे यंत्राचं जाळ्याकडचं क्रमांकाचं दार; फिल्टर्ड म्हणजे तिथली पॅकेट वाटेत कोणी अडवतंय असं स्कॅनला वाटतं ते.

ते टार्गेट मी तयार केलेलं होतं, त्यामुळे खरं उत्तर मला ठाऊक होतं. उघडी पोर्ट पाच: २१, २२, ८०, १८८३ आणि ३०००. येणारी पॅकेट गाळणारा नियम एकही नव्हता. लिनक्सच्या ज्या पोर्टवर कोणी ऐकत नाही तिथे सिन पॅकेट (जोडणीची विनंती) पोचलं की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतःच रिसेट (नकार) पाठवतो. म्हणजे या यंत्राकडून उरलेल्या ६५,५३० पोर्टांवर रिसेट यायलाच हवा. इथे फिल्टर्ड दिसतंय याचा अर्थ एकच, पॅकेट वाटेत कुठेतरी हरवतंय. पेनटेस्टिंग शिकवताना असा प्रसंग मुद्दाम घडवून आणता येत नाही, म्हणून ठरलेला पाठ बाजूला ठेवला आणि उरलेला दिवस यालाच दिला.

आमची मांडणी साधी असते. हल्ल्याच्या बाजूला ४ जीबी रॅमचा रास्पबेरी पाय ४ हा छोटा एका बोर्डाचा संगणक, त्यात ३२ जीबीचं कार्ड आणि काली लिनक्स या तपासणीच्या प्रणालीची पायसाठीची ६४ बिट इमेज. टार्गेटही पायच. त्यावर अपाचे या वेबसर्व्हरसोबत डीव्हीडब्ल्यूए आणि डॉकरच्या कंटेनरमध्ये जूस शॉप; ही दोन सरावासाठी मुद्दाम कच्ची ठेवलेली वेबॲप. मेटास्प्लॉइटेबल २ हे सरावाचं तयार यंत्र इथे चालत नाही, कारण ते इंटेल प्रोसेसरसाठी बांधलेलं आहे आणि पायचा प्रोसेसर एआरएम. डॉकरची इमेजही एआरएमसाठीची नसेल तर 'एक्झेक फॉरमॅट एरर' देऊन थांबते; नवी मुलं यात सहज तासभर घालवतात. राउटर स्वस्तातला आणि इंटरनेटला न जोडलेला, पत्ते १९२.१६८.५०.० या जाळ्यातले. टार्गेट राउटरला केबलनं जोडलेलं. हल्ल्याचा बोर्ड मात्र वायफायवर, अल्फाच्या एथेरॉस एआर९२७१ चिप असलेल्या यूएसबी अडॅप्टरमार्फत, कारण पुढच्या आठवड्यात त्याच अडॅप्टरवर मॉनिटर मोडचं, म्हणजे हवेतली वायफाय पॅकेट ऐकण्याचं, काम असतं. कालीचं सुरुवातीचं नाव आणि पासवर्ड दोन्ही 'काली'च असतात. ते पहिल्या लॉगिनलाच बदलायचे. तपासणाऱ्याचा बोर्डच उघडा असेल तर आपणच त्या जाळ्यात भोक पाडलेलं असतं.

पहिलं काम, एनमॅप या स्कॅन करणाऱ्या साधनाला कारण विचारणं. 'रीझन' हा पर्याय जोडला की प्रत्येक पोर्टपुढे निकालाचा आधार छापून येतो. सिन-ॲक (होकार) आलं तर उघडं, रिसेट आला तर बंद. फिल्टर्डपुढे मात्र दोन वेगळी कारणं असू शकतात: मधल्या कोणीतरी आयसीएमपीच्या संदेशानं 'पोचू देत नाही' असं कळवलं, किंवा काहीच उत्तर आलं नाही. पहिला पुरावा आहे, दुसरा नुसता पुराव्याचा अभाव. त्याच्या फाइलमध्ये सगळीकडे 'नो-रिस्पॉन्स' होतं. गप्प राहून पॅकेट टाकून देणारी फायरवॉलही अशीच दिसते, त्यामुळे एवढ्यावरून निवाडा होत नाही.

निवाडा टार्गेटच्या बाजूनं होतो. तिथे येणारी-जाणारी पॅकेट नोंदवणारा टीसीपीडंप लावला आणि स्कॅन पुन्हा चालवला. या वेळी एनमॅपला 'सोर्स-पोर्ट' पर्यायानं ४०१२५ हे ठरावीक सोर्स पोर्ट, म्हणजे पॅकेट जिथून निघतं ते पोर्ट, दिलं होतं. ते का, हे सांगायला हवं. पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. बोर्ड सुरू होताना शेवटची साठवलेली वेळ घेऊन उठतो आणि इंटरनेटवरून वेळ मिळाली की दुरुस्त होतो. आमच्या बंद जाळ्यात ती मिळत नाही, त्यामुळे दोन बोर्डांच्या नोंदींत वेळेवरून मेळ बसत नव्हता. सोर्स पोर्ट ठरवून दिलं की वेळ विसरून त्याच आकड्यावर गाळणी लावता येते.

कॅप्चर बोलकं होतं. टार्गेटपर्यंत जे सिन पोचलं त्याला दर वेळी उत्तर गेलेलं होतं, सिन-ॲक नाहीतर रिसेट. पण मधेच काही सेकंद सलग कोरे होते. त्या काळात एकही पॅकेट आलंच नव्हतं. ओळी पुन्हा सुरू व्हायच्या आधी दर वेळी डीएचसीपीची विनंती दिसत होती, म्हणजे हल्ल्याचा बोर्ड नव्यानं पत्ता मागत होता. चालू स्कॅनमध्ये तो जाळ्यातून तुटून परत जोडला जात होता.

मग त्या बोर्डाचे कर्नलचे संदेश वाचले. 'यूएसबी डिस्कनेक्ट', लगेच नवा जोड, आणि प्रत्येक जोडीच्या आधी 'अंडरव्होल्टेज डिटेक्टेड'. व्हीसीजेनसीएमडी या पायच्या आज्ञेला 'गेट थ्रॉटल्ड' विचारल्यावर हेक्समध्ये ५०००५ आलं. त्यातला शेवटचा ५ म्हणजे बिट ० आणि २: या क्षणी व्होल्टेज कमी आहे आणि प्रोसेसरचा वेग आवरलेला आहे. पुढचा ५ म्हणजे बिट १६ आणि १८: बोर्ड सुरू झाल्यापासून हे आधीही घडून गेलेलं आहे. उत्तर नुसतं ० आलं तरच वीज ठीक आहे असं मानावं.

मुलानं मल्टिमीटर आणला आणि पिन २ व पिन ६ यांच्यामध्ये धरला. ४.७८ व्होल्ट. "हे तर ठीक आहे की!" मीटर सरासरी दाखवतो. अडॅप्टर प्रक्षेपण करतो त्या क्षणी जो खड्डा पडतो, तो मीटरच्या आकड्यात बुडून जातो. बोर्डावरची यंत्रणा मात्र ४.६३ व्होल्टच्या खाली गेल्याचं लगेच टिपते. चार्जर मोबाइलचा होता, ५ व्होल्टचा, आणि केबल कुठल्याशा हेडफोनबरोबर आलेली, एक मीटर लांब, आत २८ गेजची तार. त्या तारेचा रोध दर मीटर लांबीला साधारण ०.२१ ओहम, जाऊन-येऊन दोन मीटर म्हणजे ०.४३. एक अँपिअर ओढला की ०.४३ व्होल्ट केबलमध्येच गळतात आणि बोर्डाला ४.५७ उरतात. स्कॅन जोरात सुरू झाला की बोर्ड आणि अडॅप्टर मिळून याहून जास्त ओढू शकतात. शेजारच्या बेंचवर रास्पबेरी पायचाच ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा पुरवठा होता, जाड तारेचा. दोन बेंचमध्ये फरक एवढाच होता असं तेव्हा वाटलं.

केबल आणि पुरवठा बदलला. तुटणं थांबलं, गेट थ्रॉटल्ड शून्यावर आलं, उघडी पोर्ट पाच दिसू लागली. तरीही काही पोर्ट फिल्टर्ड येतच राहिली, आणि दर वेळी निराळी. दिवसातला मोलाचा भाग मला हाच वाटतो. एक कारण सापडलं की शोध थांबवायचा मोह सगळ्यांनाच होतो.

आता कॅप्चरमध्ये कोरी जागा नव्हती. विखुरलेली पॅकेट गळत होती आणि काही ठिकाणी टार्गेटनं पाठवलेला रिसेट हल्ल्याच्या बोर्डापर्यंत पोचलेला नव्हता. त्याची आज्ञा पुन्हा पाहिली. टी४ या वेगाच्या पर्यायासोबत मिन-रेट ५००० जोडलेलं होतं, कुठून तरी उचललेलं. एनमॅप एरवी उत्तरं किती येतात ते पाहून स्वतःचा वेग कमी-जास्त करतो. मिन-रेट दिला की ती जाण जाते आणि सेकंदाला किमान ५००० पॅकेट ढकलली जातात, वाट अरुंद असली तरी. २.४ गिगाहर्ट्झच्या गजबजलेल्या पट्ट्यात छोट्या अडॅप्टरला हे झेपत नाही. टी४ मध्ये एका पोर्टला जास्तीत जास्त सहा वेळा पुन्हा विचारलं जातं. तेवढ्यात उत्तर आलं नाही की शिक्का फिल्टर्ड. मिन-रेट काढल्यावर स्कॅनला बराच जास्त वेळ लागला आणि दोन्ही बेंचच्या फाइली जुळल्या.

आणखी एक गोष्ट त्याच वेळी उघड झाली. त्यानं निकाल फक्त 'ओएन' पर्यायानं साठवलेल्या फाइलमध्ये वाचला होता. त्या फाइलमध्ये चालू स्कॅनमधल्या चेतावण्या पडद्यापेक्षा कमी उतरतात. जाळं पडल्याच्या तक्रारी टर्मिनलवर सरकून गेल्या होत्या. आता आम्ही 'स्क्रिप्ट' ही आज्ञा आधी सुरू करायला लावतो, म्हणजे पडद्यावरचं सगळं जसंच्या तसं साठतं.

लॅपटॉपवर शिकताना हे सहसा वाट्याला येत नाही. बॅटरी असते, आतलं वायफाय कार्ड पक्कं बसलेलं असतं. म्हणूनच मी नव्यांच्या हाती आधी पाय देते. त्याच्या मर्यादा दिसतात आणि मोजता येतात. वायफायच्या पाठातही तेच. स्वतःच्या राउटरचा चार टप्प्यांचा हँडशेक (जोडणीच्या वेळची पासवर्डची पडताळणी) पाय सहज पकडतो, पण डब्ल्यूपीए२ या वायफाय सुरक्षेमध्ये प्रत्येक पासवर्डसाठी ४०९६ फेऱ्यांची गणना असते. वेग सेकंदाला ५०० धरला तरी रॉकयू या पासवर्डांच्या यादीतल्या सुमारे १ कोटी ४३ लाख शब्दांना आठ तास लागतात. पकडायचं पायवर, फोडायचं ग्राफिक कार्ड असलेल्या यंत्रावर, ही वाटणी आकडा समोर आला की आपोआप कळते.

संध्याकाळी बोर्ड कपाटात जातात तेव्हा प्रत्येकावर चिठ्ठी असते: कोणाचा, कुठल्या जाळ्यासाठी, परवानगी कोणाची, कधीपर्यंत. नासाच्या महानिरीक्षकांच्या जून २०१९ च्या अहवालात जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीचं प्रकरण आहे. नोंद नसलेला एक रास्पबेरी पाय तिथल्या जाळ्याला जोडलेला होता, त्यातून घुसखोर आत शिरला आणि सुमारे ५०० मेगाबाइट माहिती गेली. बोर्ड एवढासा असतो की स्विचच्या मागे कोणाला दिसतही नाही. आपल्याकडे परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रात शिरणं माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ मध्ये येतं. अप्रामाणिक किंवा फसवणुकीच्या हेतूनं असेल तर तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिकाऊ असणं ही त्यातून सुटका नाही, म्हणून लेखी परवानगीचा कागद आम्ही सरावाच्या जाळ्यासाठीही भरून घेतो.

त्या दिवसानंतर बेंचच्या कागदात तीन ओळी वाढल्या. स्कॅनच्या आधी आणि नंतर गेट थ्रॉटल्डचं उत्तर लिहायचं. फिल्टर्ड लिहायचं असेल तर रीझन जोडायचं, आणि नो-रिस्पॉन्स असेल तर वेग उतरवून, जमल्यास केबलवरून, पुन्हा तपासायचं. तिसरी ओळ घड्याळाची: प्रत्येक बोर्डावर डीएस३२३१चं छोटं मॉड्यूल, आयटूसीच्या पिनांवर बसवून, आणि कॉन्फिग फाइलमध्ये त्याचा ओव्हरले, म्हणजे बोर्डाला ते ओळखायला लावणारी ओळ. तोवर जाळ्यातला एक लॅपटॉप क्रोनी हा वेळ जुळवणारा प्रोग्राम चालवून सगळ्यांना वेळ देतो. मुलानं त्याचा निष्कर्ष खोडून नवा लिहिला: "पाच पोर्ट उघडी, उरलेल्या ६५,५३० वर रिसेट. पॅकेट गाळली जात असल्याचा पुरावा नाही. टार्गेटच्या बाजूचं कॅप्चर सोबत जोडलं आहे."