पंचिंगचा पीसी

पीसी दुरुस्ती हे माझं काम. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादर कारखान्यातून दिवाळीनंतर फोन आला. तक्रार साधी होती. बँकेची साइट उघडत नाही, ब्राउझर जुना झालाय म्हणते. पीसीवर विंडोज ७ आहे म्हटल्यावर कारण फोनवरच कळलं. त्यावर क्रोम १०९ च्या पुढं जात नाही आणि विंडोज ७ चा सपोर्ट तर १४ जानेवारी २०२० लाच संपलाय. अशा पीसीसाठी आमचं उत्तर ठरलेलं असतं. हार्डडिस्कच्या जागी वेगवान एसएसडी टाका, रॅम वाढवा, विंडोज बदला. इथं ते चाललं नाही. जे केलं ते अजून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय.

हा पीसी हिशोबाचा होता तसाच पंचिंगचाही, म्हणजे डिझाइनची कार्डं पाडायचा. सोलापुरी चादरीवरचा मोर किंवा वेलबुट्टी विणायची तर मागावर जेकार्ड नावाचं यंत्र लागतं. ताण्याचा, म्हणजे उभा, कुठला धागा कधी उचलायचा हे त्याला पुठ्ठ्याच्या कार्डावरची भोकं सांगतात. भोक असेल तर धागा उचलणारा हुक वर जातो, नसेल तर नाही. एक कार्ड म्हणजे एक पिक, बाण्याचा एक आडवा धागा. अशी शेकडो कार्डं ओवून एक डिझाइन होतं. पूर्वी डिझाइन करणारे मास्तर ग्राफ पेपरवर चौकोन रंगवायचे आणि त्यावरून कार्डं पाडायचे. आता तेच मास्तर स्क्रीनवर चौकोन भरतात आणि पीसीला जोडलेलं मशीन कार्ड पाडतं. डिझाइनचं सॉफ्टवेअर मागच्या पॅरलल पोर्टला लावलेल्या डोंगलशिवाय, म्हणजे किल्लीसारख्या छोट्या डबीशिवाय, उघडत नाही. पंचिंग मशीन आत बसवलेल्या एका पीसीआय कार्डावर चालतं. ते देणाऱ्या कंपनीचा फोन आता लागत नाही.

मालकांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांचं म्हणणं एकच. "चालायलंय की ओ. कशाला हात लावायचा?" त्यांच्या मुलानं मात्र कुणाकडून तरी विंडोज ११ चा पेनड्राइव्ह आणून ठेवला होता. विंडोज ११ ला लागणाऱ्या टीपीएम या सुरक्षा चिपची तपासणी चुकवून टाकता येतं, असं त्याला सांगितलं होतं. असं सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. पीसी कोअर टू ड्युओवरचा. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून पॉपसीएनटी ही प्रोसेसरमधली सूचना नसेल तर पीसी बूटच होत नाही आणि कोअर टू ड्युओत ती नाही. आधीची आवृत्ती कशीबशी बसवली तरी विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं आणि पंचिंगच्या पीसीआय कार्डाचा ड्रायव्हर ३२ बिटचा, तो तिथं चालत नाही. म्हणजे पीसी चालू, पंचिंग बंद. पेनड्राइव्ह देणाऱ्यानं तो पीसी एकदा उघडूनसुद्धा बघितला नव्हता.

मी उघडला. आत सुताचा भुसा साचून प्रोसेसरच्या पंख्याखाली त्याची जाड गादी झालेली. तारीख-वेळ सांभाळणारी बायोसची सीआर२०३२ बॅटरी गेलेली, त्यामुळं लाइट गेली की तारीख मागं जायची आणि बिलं चुकीच्या तारखेनं निघायची. खरी भीती हार्डडिस्कची होती. स्मार्ट या डिस्कच्या स्वतःच्या तब्येतीच्या नोंदीत रीअलोकेटेड, म्हणजे खराब म्हणून बदललेले, सेक्टर दिसत होते, पेंडिंग म्हणजे संशयितही होते. विंडोजचा वाद घालत बसलो असतो तर डिस्क मध्येच गेली असती, आणि मास्तरांची इतक्या वर्षांची डिझाइनं फक्त तिथंच होती. म्हणून आधी इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची प्रत, काढली. साध्या कॉपीनं खराब सेक्टरवर अडकतं, म्हणून डीडीरेस्क्यू हे सॉफ्टवेअर लावलं. ते आधी चांगला भाग उचलतं आणि मग खराब जागेवर पुन्हा पुन्हा येतं. रात्रभर चाललं. शेवटी जे वाचलं नाही ते नशिबानं पेजफाइल या विंडोजच्या तात्पुरत्या फाइलमध्ये होतं, डिझाइनं सगळी निघाली. ती इमेज नव्या एसएसडीवर उतरवून पीसी सुरू केला तेव्हा मास्तर खुर्ची ओढून शेजारी बसले आणि एकेक डिझाइन उघडून बघितलं.

आता प्रश्न विंडोजचा. मधला एक मार्ग होता. विंडोज १० हे ३२ बिटमध्येही आलं होतं आणि कोअर टू ड्युओवर ते चालतं. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरं, पण नवे ब्राउझर त्यावर अजून चालतात. बँकेचं काम भागलं असतं. मी दुसऱ्या एसएसडीवर विंडोज १० टाकलं. डोंगल ओळखलं, सॉफ्टवेअर उघडलं, पंचिंगचा ड्रायव्हरही आढेवेढे घेत का होईना इन्स्टॉल झाला. मुलगा खूष झाला.

मास्तर म्हणाले, "कार्ड पाडून दाखवा." एकच डिझाइन दोन्ही विंडोजवर पाडलं. मास्तरांनी जोडीची कार्डं एकावर एक ठेवून ट्यूबलाइटसमोर धरायला सुरुवात केली. भोकं जुळली की उजेड आरपार येतो. बराच वेळ सगळं जुळत गेलं. मग एका जोडीवर त्यांचा अंगठा थांबला. खालच्या कार्डात भोक, वरच्यात नाही. एवढ्यानं एक धागा उचलला जाणार नाही आणि डिझाइन जितक्या वेळा फिरेल तितक्या वेळा प्रत्येक चादरीत तिथं डाग दिसेल. मी स्क्रीनकडं बघून कधीच पकडलं नसतं. तिथं काम व्यवस्थित झाल्याचा मेसेज होता.

पुन्हा पाडलं तर सेट कधी पूर्ण बरोबर यायचा, कधी एखादं भोक राहायचं. विंडोज ७ वर चूक झाली नाही. जुना ड्रायव्हर थेट पोर्टवर लिहितो, नव्या विंडोजमध्ये त्याचं टायमिंग हलत असावं, असा माझा अंदाज. पण न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये मीटर लावला तर १४ व्होल्ट. दोन-तीनच्या वर नको, म्हणजे अर्थिंग खराब. माग सुरू झाले की आकडा आणखी वर जायचा. मशीन अशा सप्लायवर असेल तर दोष विंडोजचाच, असं मी छातीठोकपणे कसं म्हणू?

तरी त्या दिवशी निर्णय द्यावा लागला. पंचिंगचा पीसी विंडोज ७ वरच ठेवला, नेटची केबल काढली, त्याच्या एसएसडीची एक जादा प्रत कपाटात ठेवली. बँक, जीएसटी, ई-वे बिल यासाठी आठव्या पिढीच्या प्रोसेसरचा जुना ऑफिस पीसी घेतला, त्यावर विंडोज ११ रीतसर बसतं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसनं एका मशीनमधून दुसऱ्यात शिरत जगभरचे पीसी बंद पाडले, त्यात विंडोज ७ वालेच जास्त होते. म्हणून दोन्ही पीसी एकमेकांना जोडले नाहीत. डिझाइन न्यायचं तर वेगळा पेनड्राइव्ह, तोही नव्या पीसीवर तपासून.

मुलाला हे पटलेलं नाही. "हे बंद पडल्यावर काय करायचं ओ?" हा त्याचा प्रश्न बरोबर आहे. इलेक्ट्रॉनिक जेकार्ड घेतलं की कार्डंच नकोत, पण तो लाखांचा खर्च. अमेरिकेनं ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं तेव्हापासून टॉवेलच्या ऑर्डरी आक्रसल्यात, आणि या कारखान्याचे निम्मे माग टॉवेलवर आहेत. म्हणून सध्या मास्तर रोज थोडी डिझाइनं बीएमपी या साध्या चित्र-फाइलमध्ये काढून ठेवतात. एक पिक्सेल म्हणजे एक हुक आणि एक पिक, ते उद्या कुठल्याही सॉफ्टवेअरला वाचता येईल.

अर्थिंग आता नवीन झालंय. मीटर दीड व्होल्ट दाखवतो. विंडोज १० ची ती एसएसडी लावून तोच सेट पुन्हा पाडून बघू द्या, असं मी अण्णांना म्हटलं. पुठ्ठा माझ्या पैशानं आणतो म्हटलं. अण्णा म्हणाले, जानेवारीतली गड्ड्याची यात्रा होऊ दे, मग बघू. मास्तर काहीच बोलले नाहीत, पण त्या दिवशीची ती दोन कार्डं त्यांनी टाकलेली नाहीत.