खाली आलेला आवाज

बायपोलर आजारासाठी, म्हणजे मनाच्या टोकाच्या चढउतारांसाठी, मी लिथियमच्या गोळ्या घेते. त्याची रक्तातली पातळी तपासायला आज रक्त देऊन आले. रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी नमुना द्यायचा, म्हणून नऊला पोचले. काउंटरवरच्या मुलानं नेहमीच्या सुरात विचारलं, "मॅडम, पेशंटचं नाव?" मी माझं सांगितलं. त्याचा आवाज एकदम खाली आला. "रिपोर्ट बंद पाकिटात देऊ ना?"

त्यानं मला जपलंच. मग दिवसभर हे टोचतंय का?

मी स्वतः मानसोपचारतज्ज्ञ. पेशंटना मी सांगते, ही तपासणी साखर तपासण्यासारखीच, लपवायचं काय त्यात. पण साखरेसाठी कुणी आवाज खाली आणत नाही.

के रेडफिल्ड जेमिसन आठवत राहिल्या. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्राध्यापक, त्यांनी 1995 मध्ये स्वतःच्या बायपोलर आजाराबद्दल उघडपणे लिहिलं. डीबीटी ही भावनांचं वादळ सांभाळायला शिकवणारी उपचारपद्धती उभी करणाऱ्या मार्शा लाइनहान स्वतःच्या मानसिक आजाराबद्दल 2011 मध्ये बोलल्या, वयाच्या 68व्या वर्षी, हार्टफर्डच्या ज्या रुग्णालयात सतराव्या वर्षी दाखल होत्या तिथेच. दोघींचं नाव तोवर पक्कं झालं होतं. माझं दोन खोल्यांचं क्लिनिक. उद्या कळलं तर माझ्याकडे पेशंट पाठवणारे डॉक्टर पाठवत राहतील? रडू आलं या विचारानं. इतरांना धीर द्यायचा आणि आपला आजार असा दाराआड सांभाळायचा.

पण जेमिसन यांनाही सोपं कुठे गेलं? या आजारातल्या जाणकार असून त्यांनी लिथियम कितीदा सोडलं. मनाचा तो सुसाट वेग गोळीनं जातो, त्याची हुरहुर मलाही... असो.

लाइनहान यांच्या अंगावरचे, स्वतःला इजा करून घेतल्याचे व्रण पाहून एका पेशंटनं विचारलं होतं, तुम्ही आमच्यातल्याच का? मला तसं कुणी विचारलेलं नाही. मात्र मध्यंतरी प्रिस्क्रिप्शन लिहिताना लिथियममुळे माझी बोटं थरथरत होती. समोरचे काका स्वतः लिथियमवर. ते काही बोलले नाहीत, टेबलावरचा पाण्याचा ग्लास तेवढा माझ्याकडे सरकवला. लिथियमवर पाणी कमी पडू द्यायचं नाही, हे मीच त्यांना सांगितलेलं. त्यांना कळलं असणार, आणि ते पुढच्या तारखेलाही आले.

पेशंटना कळलेलं मला चालतं, हे आज नीट उमगलं. सहकाऱ्यांना कळलेलं अजून चालत नाही. म्हणून हे नाव न घालता लिहितेय, आणि तूर्त त्याची लाज वाटत नाही.