सही राहिलीये

परवा रात्रीपासून दादाचं एकच वाक्य डोक्यात फिरतंय. राग आलाय की वाईट वाटलंय तेच नीट कळत नाहीये, म्हणून लिहायला बसले.

चित्र जवळजवळ संपलं होतं. ए-थ्री कार्ट्रिज कागद, पॉइंट वनचं पेन, तीन आठवडे, म्हणजे रोज जेवणं आवरल्यावर दहा ते साडेबारा. कात्सुहिरो ओतोमोच्या अकिरा या मांगामधला, म्हणजे जपानी कॉमिकमधला, निओ-टोकियो. मागे कोसळलेल्या इमारती, पुढे त्यातल्या नायकाची, कानेदाची बाईक, आणि कानेदा बाईकवर नाही, तिच्या चाकाशी उकिडवा बसलाय, पाठमोरा, जॅकेटवरची ती कॅप्सूल तेवढी दिसते. दादा पाणी प्यायला उठला होता. ओल्या बोटांनी कागदाचा कोपरा धरून उचलला, मी ओरडलेच. बराच वेळ बघत उभा राहिला आणि म्हणाला, "भारी झालंय गं. पण यात तुझं काय?" आणि गेला झोपायला.

टोमणा असता तर बरं झालं असतं, टोमण्याला उत्तर देता येतं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

यात माझं काय. बाईक ओतोमोची, जॅकेट ओतोमोचं, शहर त्याचं, त्या शहराचं उद्ध्वस्त होणंही त्याचंच. ८२ ते ९० अशी आठ वर्षं तो हे काढत होता, सहा जाडजूड खंड, दोन हजारांच्या वर पानं, आणि मांगा संपायच्या आधीच १९८८ साली त्याचा सिनेमाही त्यानं स्वतःच केला. आणि मी काय, तर त्याच्या बाईकशेजारी त्याच्याच पोराला खाली बसवलं. काल ऑफिसमधून येताना बसमध्ये हेच चाललं होतं डोक्यात, की तीन आठवडे डोळे फोडून, मान आखडून घेऊन मी दुसऱ्याच्या घराची रंगरंगोटी करत होते. आई म्हणते तसं, नसता उद्योग. आईचं वेगळं आहे, तिला काळजी वेगळीच आहे, ते जाऊ दे.

तो सिनेमा पहिल्यांदा बघितला हॉस्टेलवर, एका मैत्रिणीच्या हार्ड डिस्कवरून, साडेपंधरा इंची स्क्रीनवर पाच जणी. रात्रीच्या रस्त्यावर बाईक निघतात आणि मागच्या लाल दिव्याची रेघ हवेत तशीच राहते, हळूहळू विरते. त्या रात्री झोपले नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी वहीच्या मागच्या पानावर तीच रेघ काढायचा प्रयत्न केला, तिची माझ्यापेक्षा चांगली आली होती. ती आता काढत नाही. विचारलं तर विषय बदलते.

आज सकाळी चित्र परत काढून उजेडात धरलं, दादाच्या नजरेनं बघायचं ठरवलं. डाव्या बाजूची ती अर्धी पडलेली इमारत बघताना एकदम थांबले. स्लॅब तुटून लोंबतोय आणि त्यातून सळया बाहेर आल्यात, काही सरळ, काही खाली वाकलेल्या, एका सळीच्या टोकाला काँक्रीटचा गोळा तसाच चिकटलेला. तो गोळा मांगात कुठे बघितल्याचं मला आठवत नाही. तो शेजारच्या सोसायटीचा आहे. रिडेव्हलपमेंटला पाडली ना गेल्या महिन्यात, मी गॅलरीत चहा घेऊन रोज बघत होते, काकूंच्या स्वयंपाकघराच्या निळ्या टाइल्स तिसऱ्या मजल्यावर उघड्या पडल्या होत्या आणि खाली सगळा राडारोडा. चित्र काळंपांढरं आहे म्हणून टाइल्स निळ्या दिसत नाहीत, पण चौकोन आहेत. मी ते ठरवून काढलं नव्हतं, शप्पथ. हात तिकडे गेला.

लगेच दादाला हाक मारून दाखवावंसं वाटलं, मग वाटलं काय दाखवणार, एक सळी? तो म्हणेल बरं, आणि? त्यानं जे विचारलं ते एका सळीनं भागत नाही.

पण मग दुपारभर एक वेगळीच गोष्ट आठवत राहिली. ओतोमोच्या कानेदाचं पूर्ण नाव शोतारो कानेदा. हे नाव त्यानं मनाचं ठेवलेलं नाहीये. योकोयामा मित्सुतेरूच्या तेत्सुजिन २८ मध्ये, १९५६ मध्ये सुरू झालेल्या मांगात, राक्षसी रोबो चालवणारा जो छोटा मुलगा आहे त्याचं नाव शोतारो कानेदा. त्या रोबोचा नंबर २८ आणि ज्याच्यावरून मांगाचं नाव आहे त्या अकिरा नावाच्या मुलाचाही नंबर २८. अकिरातल्या कर्नलचं आडनाव शिकिशिमा, तेही तिथल्याच डॉक्टरांचं. कानेदाच्या मित्राचं तेत्सुओ हे नावसुद्धा तिथलंच. ओतोमोचा जन्म १९५४ चा, म्हणजे ती मांगा आली तेव्हा तो दोन वर्षांचा, तिच्याच सावलीत वाढलेला. मोठा झाला आणि इतकं भयानक, इतकं स्वतःचं शहर उभं करताना पात्रांना नावं दिली ती लहानपणच्या आवडीची. आणि लपवलं नाही.

मी ओतोमोशी बरोबरी करत नाहीये, तसं मनातही नाही. पण आवडतं माणूस आपल्या चित्रात आणून बसवणं ही लाज वाटायची गोष्ट नाही एवढं आज मला पटलं. त्या इमारतींच्या शेकडो खिडक्यासुद्धा त्यानं एकट्यानं काढल्या नाहीत, हाताखाली मदतनीस होते. मी आपली इतक्या वर्षांनी, इतक्या लांबून, न बोलावता आलेली मदतनीस. हे वाक्य मनात आलं आणि परवापासून छातीवर जे बसलं होतं ते जरा सैल झालं.

तरी दादाचा प्रश्न गेलेला नाही. कानेदा तिथे खाली का बसलाय? मांगात तो असा निवांत बसलेला मला आठवत नाही, तो धावत असतो, ओरडत असतो, तेत्सुओच्या नावानं बोंबलत असतो. मी त्याला बसवलं. इंजिन बंद, हातमोजे काढून शेजारी ठेवलेले. पेन्सिलनं काढतानाच वाटलं होतं की हा कुणाचीतरी वाट बघतोय, आणि तो येणार नाहीये हे त्याला माहितीये. हे दादाला सांगता आलं असतं. पण मग तो पुढचं विचारेल, आणि ते मला अजून इथेही लिहायचं नाहीये.

सही अजून केली नव्हती. एरवी उजवीकडे खाली करते, झोकात. आत्ता पेन घेतलं आणि आधी लिहिलं, कात्सुहिरो ओतोमो यांच्या अकिरावरून. त्याखाली माझं नाव, तेवढ्याच अक्षरात. दादाच्या ओल्या बोटाचा डाग बरोबर तिथेच आहे, कागद फुगलाय, शाई किंचित फुटली. राहू दिली. डावीकडच्या इमारतीच्या खिडक्या भरायच्या राहिल्यात, मोजल्या, एकेचाळीस आहेत. दहा वाजलेत, बसते.