पार्किंगखालचा राजा आणि बहिणीकडून आलेला पुरावा

इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड एका पार्किंगच्या खाली सापडला हे बहुतेकांनी कुठे ना कुठे वाचलेलं असतं, आणि त्याच्या पुढचं वाक्यही ठरलेलं असतं, "डीएनए मॅच झाला म्हणून कळलं." मला ते वाक्य ऐकलं की राहवत नाही. कारण या तपासात दोन डीएनए टेस्ट होत्या, त्यातली एक जुळली आणि दुसरी चक्क जुळली नाही, तरीही ओळख पक्की ठरली. हे कसं झालं ते नीट सांगायलाच हवं.

आधी थोडं मागचं. 22 ऑगस्ट 1485 ला बॉस्वर्थच्या लढाईत रिचर्ड मारला गेला, वय अवघं 32, गादीवर जेमतेम दोन वर्षं. हेन्री ट्यूडर जिंकला. रिचर्डचं उघडं प्रेत घोड्यावर आडवं टाकून लेस्टरला आणलं, लोकांना दाखवलं, आणि ग्रेफ्रायर्स नावाच्या मठाच्या चर्चमध्ये पुरलं. पुढे 1538 मध्ये आठव्या हेन्रीच्या काळात मठच बंद झाला, इमारत पाडली, आणि मग अफवा उठली की राजाची हाडं सोअर नदीत फेकून दिली. ही अफवा इतकी रुजली की कित्येक लोक शोधायच्या भानगडीतच पडले नाहीत. खरं तर 1612 मध्ये त्याच जागेवर एका माजी मेयरच्या बागेत रिचर्डची कबर इथे आहे असं सांगणारा दगडी खांब होता, तो पाहिल्याची नोंदही आहे.

फिलिपा लँगली या बाईंनी हे प्रकरण धसास लावलं. त्या आर्किऑलॉजिस्ट नाहीत, रिचर्डची बदनामी पुसायला झटणाऱ्या रिचर्ड द थर्ड सोसायटीच्या सभासद. शेवटच्या घडीला पैसे कमी पडले तेव्हा सोसायटीच्या लोकांनी जगभरातून वर्गणी पाठवली. लेस्टर युनिव्हर्सिटीच्या टीमने 25 ऑगस्ट 2012 ला कौन्सिलच्या पार्किंगमध्ये पहिला चर खणला आणि पहिल्याच दिवशी पायांची हाडं लागली. पण त्यांनी लगेच आरडाओरडा केला नाही! हाडं झाकून ठेवली आणि आधी चर्च नेमकं कुठे होतं, त्याच्या आतला कॉयरचा, म्हणजे वेदीजवळचा मानाचा भाग कुठला, हे भिंतींच्या खुणांवरून ठरवलं. मठाधिपतींच्या जवळ पुरलेला माणूस की बाहेरच्या आवारातला कोणी, यातच निम्मी ओळख दडलेली होती ना.

सप्टेंबरच्या सुरुवातीला जो ॲपलबी या हाडांच्या तज्ज्ञ बाईंनी सांगाडा उघडा केला. खड्डा माणसाच्या उंचीला पुरेसा नव्हता, त्यामुळे डोकं एका बाजूला उचलून टेकवल्यासारखं राहिलेलं, पेटी नाही, कफनाचा पत्ता नाही, दोन्ही हात एकावर एक, म्हणजे बहुधा बांधलेले. त्याच शहरातल्या त्या काळच्या बाकीच्या कबरी कशा सरळ, मापात खणलेल्या असायच्या, आणि राजाला मात्र घाईघाईत कोंबलेलं. पावलं नव्हतीच, नंतरच्या कुठल्यातरी बांधकामात ती गेली होती. आणि मग कणा दिसला, चांगलाच वाकलेला. स्कोलिओसिस, तोही जन्मापासूनचा नाही, दहाव्या वर्षानंतर वाढत गेलेला. ट्यूडर काळातल्या लेखकांनी त्याला पार कुबडा आणि वाळलेल्या हाताचा राक्षस करून ठेवलं होतं, तर हात दोन्ही धड होते, पण एक खांदा दुसऱ्यापेक्षा वर असणार हे खरंच. माझ्या मते ही सगळ्यात बोलकी गोष्ट आहे, कारण बदनामीच्या ढिगाऱ्यातून एक खरी खूण बाहेर आली.

अंगावर मृत्यूच्या वेळच्या 11 जखमा, त्यातल्या नऊ कवटीवर. कवटीच्या मागच्या तळाशी दोन मोठे घाव, त्यातल्या कुठल्याही एकाने जीव जाऊ शकला असता. हातांवर वार अडवल्याच्या खुणा नाहीत, म्हणजे चिलखत अंगात होतं पण शिरस्त्राण गेलं होतं. कमरेच्या हाडावरही एक जखम आहे, ती चिलखत काढल्यावर, मेल्यानंतर केलेली असावी. हे वाचताना अंगावर काटा येतो, राजा असो की कोणी.

आता कार्बन डेटिंग, म्हणजे हाडांतल्या कार्बनवरून त्यांचा काळ काढणं. पहिले आकडे आले ते पंधराव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यातले, म्हणजे रिचर्डच्या मृत्यूच्या बरेच आधीचे. इथे कोणी म्हणालं असतं की संपला विषय. पण हा माणूस भरपूर मासे खायचा, हे हाडांच्या रसायनावरून कळत होतं, आणि समुद्रातला कार्बन जुना असतो, तो माशांमधून हाडांत येतो आणि माणूस आहे त्यापेक्षा जुना दिसतो. ही दुरुस्ती केल्यावर काळ आला साधारण 1456 ते 1530. बसला ना बरोबर! मासे खाणाऱ्या आपल्या कोकणातल्या जुन्या हाडांचं कार्बन डेटिंग करतानाही हा हिशोब धरावा लागेल हे मला यावरून पहिल्यांदा लक्षात आलं.

मग डीएनए. रिचर्डचा एकुलता एक औरस मुलगा 1484 मध्येच वारला होता, त्यामुळे थेट वंश नाही. पण माइटोकॉन्ड्रियल डीएनए आईकडून येतो, आणि रिचर्डला व त्याची थोरली बहीण ॲन हिला तो एकाच आईकडून, सेसिली नेव्हिलकडून, आलेला. ॲनच्या मुलीला, तिच्या मुलीला, पुन्हा तिच्या मुलीला, असं करत करत सगळी साखळी बायकांचीच, मधे एक जरी मुलगी नसती तरी धागा तुटला असता. इतिहासकार जॉन ॲशडाउन-हिल यांनी हा धागा कॅनडातल्या जॉय इब्सेन यांच्यापर्यंत शोधला होता. त्या 2008 मध्ये वारल्या, पण त्यांचा मुलगा मायकेल लंडनमध्ये फर्निचर बनवायचा, त्याने सँपल दिलं. लेस्टर युनिव्हर्सिटीच्या जनुकतज्ज्ञ ट्युरी किंग यांच्या टीमने पूर्ण माइटोकॉन्ड्रियल क्रम लावला आणि तो तंतोतंत जुळला. कागदपत्रं तपासून आणखी एक नातेवाईक शोधली, तिच्यात फक्त एका अक्षराचा फरक. डीएनएचा हा प्रकार इतका दुर्मिळ की 26,000 च्या वर युरोपियन लोकांच्या डेटाबेसमध्ये त्याच्याशी तंतोतंत जुळणारं कोणीच सापडलं नाही. वंश मुलामुळे चालतो म्हणणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा, राजाची ओळख पटली ती बहिणीच्या लेकींमुळे.

आणि पुरुषांची बाजू? वाय क्रोमोसोम बापाकडून मुलाकडे जातो, म्हणून रिचर्डचाही पूर्वज असलेल्या तिसऱ्या एडवर्डपासून खाली आलेल्या ब्यूफर्ट घराण्यातल्या पाच जणांचा तो घेतला. रिचर्डशी एकाचाही जुळला नाही, आणि त्या पाचांतला एक तर बाकीच्या चौघांशीही जुळला नाही. म्हणजे कागदावरच्या 19 पिढ्यांच्या दुव्यांमध्ये कुठेतरी बाप वेगळा होता. आता मला या टीमबद्दल खरा आदर वाटतो तो इथे, त्यांनी हे लपवलं नाही, झाकून टाकलं नाही. इतक्या पिढ्यांत असं एकदा तरी घडण्याची शक्यता किती, याचा अंदाज काढला (सुमारे 16 टक्के), आणि विरोधात जाणारा हा पुरावा म्हणूनच हिशोबात धरला. वय, लिंग, कणा, जखमा, काळ, दोन्ही डीएनए, सगळं एकत्र गुंफून, तेही संशयी माणसाच्या बाजूने झुकतं माप ठेवून, 2014 मध्ये छापलं, तेव्हा हा रिचर्डच असल्याची शक्यता आली 99.999 टक्के.

आपल्याकडेही याच जातीचं काम झालंय, जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टिनच्या अवशेषांत सापडलेलं हाड जॉर्जियाच्या राणी केतेवानचं असावं हे हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेने माइटोकॉन्ड्रियल डीएनएवरूनच दाखवलं. पण तिथे तुलनेला जिवंत नातेवाईक नव्हते, त्यामुळे डीएनएचा तो प्रकार भारतात आढळत नाही आणि जॉर्जियाच्या बाजूला आढळतो, यावर भर द्यावा लागला. नातलग हाताशी असले की काम किती घट्ट होतं हे यावरून कळतं.

रिचर्डला 26 मार्च 2015 ला लेस्टर कॅथेड्रलमध्ये पुन्हा पुरलं, त्याला यॉर्कमध्ये पुरा म्हणणाऱ्यांशी कोर्टात भांडण होऊन लेस्टर जिंकल्यावर, आणि त्याची ओकची पेटी मायकेल इब्सेननेच बनवली.

मला आता वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या त्या कलशाचं वाटतं. 1674 मध्ये लंडनच्या टॉवरमध्ये दोन मुलांची हाडं सापडली, रिचर्डच्या दोन बेपत्ता पुतण्यांची म्हणून कलशात ठेवली, 1933 मध्ये एकदा तपासली, पण डीएनए टेस्ट कधी झालीच नाही. पुतणे म्हणजे सख्ख्या भावाची मुलं, त्यांचा वाय क्रोमोसोम रिचर्डसारखाच असायला हवा, आणि रिचर्डचा तर आता आपल्या हातात आहे. परवानगी द्यायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे, आणि जुळला नाही तरी तो निकालसुद्धा छापायला हवा.